पावसाळा, म्यान आणि खंडेनवमी

भिलाईचा पावसाळा लोखंडापेक्षा चामड्याला जास्त छळतो. सध्या मी इथे एन.सी.सी.च्या पोस्टिंगवर आहे. सप्टेंबर आला की क्वार्टर-क्वार्टरमधल्या ट्रंका उघडतात आणि सगळ्यांतून एकच ओला, आंबूस वास येतो. बेल्ट, बूट, पिस्तुलाचं जुनं होल्स्टर, कुणा गोरखा दोस्तानं दिलेल्या खुकरीचं म्यान, सगळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. कारखान्याच्या गावात लोखंड सांभाळायचं कसं हे सांगणारे पावलोपावली भेटतात. चामड्याला मात्र कुणी वाली नाही.

परवा एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी फोनवर विचारलं, "सुऱ्याचं चामड्याचं म्यान आतून साफ कसं करायचं रे? बाहेरून पॉलिश मारतो, पण वास जात नाही." उत्तर चार ओळींचं आहे आणि ते पुढे देतोच. पण या चार ओळींमागे बराच इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा आपल्या दख्खनचा आहे.

आधी चामड्याविषयी. आपल्याकडे चामडं कमावायची जुनी रीत बाभळीची साल आणि हिरडा यांची. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात. त्या हिरड्याला इथे छत्तीसगडात हर्रा म्हणतात आणि इथल्या जंगलांतून तो गोळा होतो. हिरड्यातला तुरटपणा कातड्याला टिकाऊ करतो, पण तोच तुरटपणा लोखंडाला लागला की काळा पडतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करतात ना, तीच गोष्ट. ओलसर म्यानात पातं महिनाभर ठेवलं, तर त्याच्यावर जे काळे डाग उठतात ती एका अर्थी शाईच असते. आजकालचं स्वस्त चामडं क्रोमनं कमावलेलं असतं. त्यात हिरडा नसला तरी क्षार आणि आम्लाचे अंश राहू शकतात. शिवाय कुठलंही चामडं हवेतली ओल शोषतं आणि धरून ठेवतं. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण पातं ठेवतो, ते म्यान स्वतःच पात्याचा वैरी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपल्याला पाठ आहे. एका म्यानात तलवार आणि ओल मात्र वर्षानुवर्षं सुखानं नांदतात.

जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून आपल्या तलवारीचं म्यान मुळात लाकडाचं. दोन पातळ फळ्या आतून कोरायच्या, एकमेकींवर बसवायच्या आणि वरून चामडं किंवा मखमल चढवायची. पात्याला लागतं ते लाकूड. चामडं फक्त अंगरखा. खुकरीचं म्यान असंच, कट्यारीचं असंच. खुकरी उपसताना म्यान धारेच्या बाजूनं मुठीत धरू नये असं गोरखा जवान बजावतात, त्याचं कारणही याच रचनेत आहे: जोड उसवला असेल तर धार त्या फटीतून थेट बोटांवर येते. जपानी लोक तर एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या म्यानाचे दोन भाग भाताच्या खळीनं चिकटवतात, म्हणजे आत घाण साचली की जोड उकलून साफ करता येतो. आणि तलवार घरी विसावते तेव्हा तिला नक्षीच्या म्यानातून काढून साध्या लाकडी म्यानात ठेवतात. फिनलंडमधल्या शेतकऱ्याच्या सुऱ्याचं म्यान बाहेरून चामड्याचं, पण पातं जिथे बसतं तिथे आत लाकडाचा साचा. एकमेकांचं तोंड न पाहिलेले लोक एकाच उत्तरावर आले.

आता दख्खनची गोष्ट. कॅप्टन लुई नोलन हा इंग्रज घोडदळातला अधिकारी. १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत, लाइट ब्रिगेडच्या त्या प्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला, म्हणून इतिहासाला ठाऊक. त्याआधी तो हिंदुस्थानात होता आणि १८५३ साली त्यानं घोडदळावर एक पुस्तक लिहिलं. त्यात निजामाच्या बेकवायती घोडदळाची एक हकीकत आहे. या स्वारांनी संख्येनं जास्त असलेल्या रोहिल्यांचा पराभव केला. त्यानंतर डॉक्टरचा अहवाल नोलनच्या वाचनात आला: खांद्यापासून तुटलेला हात, दोन्ही मनगटं एकदम छाटलेली, धडावेगळं शिर. हे काम करणाऱ्या तलवारी असतात तरी कशा, हे बघायची त्याला उत्सुकता लागली, आणि पुढे तशी संधीही मिळाली.

बघतो तर काय, पाती बहुतेक इंग्रज घोडदळानं मोडीत काढलेली! त्याच्याच सैन्याची जुनी पाती. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानांत ठेवली होती. लढाईखेरीज तलवार उपसायची नाही हा शिरस्ता. इंग्रज स्वाराचं म्यान पोलादी. कवायतीत दिवसातून दहादा तलवार आत-बाहेर, प्रत्येक वेळी पोलादावर पोलाद घासायचं आणि धार मरायची. वर घोडा चालला की खणखणाट. नोलननं एका जुन्या स्वाराला विचारलं, असा वार करायला तुम्ही शिकवता कसं? त्याच्या उत्तराचा आशय एवढाच की शिकवत काही नाही, तलवार धारदार असली की कुणाच्याही हातात कापते.

नोलनला हे स्वार नेमके कुठे भेटले हे मला ठाऊक नाही. पण निजामाच्या या फौजेची ठाणी औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशी आपल्या मराठवाड्यात होती. तेव्हा त्या स्वाराचे पणतू-खापरपणतू आज मराठी बोलत असतील असं मी मनातल्या मनात धरून चालतो.

इंग्रजांनी ऐकलं, पण उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या अधिकाऱ्यांना मोहिमेसाठी तपकिरी चामड्यानं मढवलेलं लाकडी म्यान आलं, आणि ते सॅम ब्राउन बेल्टला लटकू लागलं. तो बेल्टही हिंदुस्थानातलाच; १८५८ साली पिलीभीतकडच्या चकमकीत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउनच्या नावाचा. फिरून फिरून भोपळे चौकात, असं मला तरी वाटतं.

ही म्यानं आपल्याकडे करायचं कोण? जीन करणारे ते जीनगर. खोगिराबरोबर म्यानाचं कामही त्यांच्याकडे. पात्याला धार आणि झिलई द्यायची ती शिकलगारांनी. कंपनीचं राज्य आलं, मराठ्यांच्या फौजा मोडल्या, पुढे १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि या लोकांचं गिऱ्हाईकच संपलं. जीनगरांपैकी कुणी चित्रांकडे, कुणी मूर्तींकडे वळलं. लढाया आपण तारीखवार लिहून ठेवल्या, पण लढाईला तलवार जाग्यावर कोरडी मिळावी म्हणून राबणाऱ्यांची नावं कुठे नाहीत.

आणि इथे छत्तीसगडात बसून हे लिहिताना भोसल्यांची आठवण येणारच. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर आले. हे रतनपूर इथून उत्तरेला, बिलासपूरच्या पलीकडे. पुढच्याच वर्षी ते बंगालात शिरले, पावसाळ्यात काटव्याला तळ ठोकून राहिले, आणि सप्टेंबरात तिथे दुर्गापूजेचा उत्सव चालू असताना अलिवर्दी खानानं रातोरात नदी ओलांडून पहाटे छापा घातला. मराठ्यांना तळ सोडून पळावं लागलं. बंगालात पावसाळाभर भिजलेली खोगिरं, पट्टे आणि म्यानं त्या पहाटे काय अवस्थेत असतील, याचा विचार इतिहासकार करत नाहीत. कोतमध्ये दिवस काढलेला माणूस करतो.

कारण मराठ्यांचं वर्षच पावसावर बांधलेलं होतं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रं बाहेर काढायची, घासायची-पुसायची, पूजा करायची. बघा ना, हा दिवस येतो कधी? पाऊस सरल्यावर आणि मोहीम निघण्याआधी. धर्मशास्त्र काय सांगतं ते जाणकार सांगतील. मला त्यात अॅन्युअल इन्स्पेक्शन दिसतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या दारूखान्याबद्दल अशीच ताकीद आहे: आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं सामान बाहेर काढून उन्ह दाखवावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. देशाच्या या हवेत कुठलीही गोष्ट बंद करून विसरली की गेली, हे त्या लोकांना कळत होतं. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची चाल छत्तीसगडात आणली, याचंही श्रेय इथले लोक बिंबाजी भोसल्यांना देतात. ते १७५८ ते १७८७ रतनपुरात होते आणि तिथल्या रामटेकडीवरचं देऊळ त्यांचंच.

आता पूजा राहिली, इन्स्पेक्शन गेलं. पात्याला ओलं कुंकू लागतं, फूल वाहतात, आणि म्यान पाटाखाली पडून राहतं. ओलं कुंकू तसंच ठेवून पातं पुन्हा आत सारलं की तिथे हमखास गंजाचा डाग.

याचा नमुना मला इथेच बघायला मिळाला. कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्याच सुमारास नागपूरकडून आलेलं एक मराठी कुटुंब सेक्टरात राहतं. त्यांच्याकडे पणजोबांची कट्यार आहे. दर दसऱ्याला घरातलं कुणीतरी म्यानात चमचाभर तिळाचं तेल सोडायचं, गंजू नये म्हणून. साठ वर्षांचं तेल आत डिंकासारखं घट्ट झालं, त्यात धूळ-कुंकू कालवलं गेलं आणि कट्यार आत अडकली. मुलगा पकड घेऊन ओढायच्या बेतात होता. आजींनी हात धरला आणि मला निरोप आला.

ओढलं असतं तर लाकूड फुटलं असतं. आम्ही म्यानाच्या मागची शिवण उसवली. चामडं सुटलं, आतले लाकडाचे दोन्ही भाग पुस्तकासारखे उघडले. आत डांबरासारखा काळा थर आणि कुबट वास. बांबूच्या काडीला फ्लॅनेलची चिंदी गुंडाळून स्पिरिटनं तो थोडा थोडा काढला. दोन संध्याकाळी गेल्या. पात्यावर खड्डे पडलेत ते कायमचे, पण धार शाबूत आहे. सुपेला बाजारातल्या एका चांभारदादांनी मेण लावलेल्या दोऱ्यानं जुन्याच भोकांतून शिवण घातली. नवं भोक पाडू का विचारलं तर म्हणाले, "पुराना छेद काफी है, नया छेद चमड़े को कमज़ोर करेगा."

तर सुभेदारसाहेब, तुमचं उत्तर. बुरशी घरात झटकू नका. अंगणात नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशनं काढा. मग ओलसर फडकं आणि खोगिराचा साबण. म्यान पाण्यात कधीच बुडवायचं नाही. तोंड खाली करून सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस टांगा. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं. पूर्ण वाळल्यावर बाहेरून मेणाचा पातळ हात. आत तेल नको, मेण नको, काही नको. पितळी रिव्हेटभोवती हिरवा थर दिसेल. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं तिथे चामड्यातलं तेल कळकतं. तो लाकडी काडीनं खरवडा. ब्रासो लावलात तर चामड्यावर पांढरे डाग राहतील. पावसाळ्यात पातं वेगळं, किंचित तेलाच्या फडक्यात. म्यान वेगळं, रिकामं. आणि ज्या सुरीनं फळं किंवा मटण कापता ती चामड्यात ठेवूच नका. चामडं आतून धुता येत नाही, आणि पात्याला चिकटून गेलेला रस तिथे सडतो. त्यासाठी धुता येईल असं प्लॅस्टिकचं म्यान बरं, दिसायला कसंही असो.

भिलाईच्या त्या घरीही हेच सांगितलं. सगळं पटलं, फक्त कट्यार आणि म्यान वेगवेगळं ठेवायला आजी तयार होईनात. शेवटी तडजोड झाली: वर्षभर दोन कप्पे, दसऱ्याच्या दिवशी पाटावर म्यानासकट. तेवढा एक दिवस चालेल म्हटलं, फक्त कुंकू कोरडं लावा.