१३ ऑगस्ट २००४ : भर कोर्टात अक्कू यादवचा खात्मा

शुक्रवारची दुपार. पोलीस बंदोबस्तात नागपूर जिल्हा न्यायालयात आणलेल्या अक्कू यादवच्या डोळ्यांत तिखट गेले, पाठोपाठ भाजी चिरायच्या सुऱ्या निघाल्या. अंगावर सत्तरहून अधिक वार. पंधराएक मिनिटांत खेळ खलास!

कस्तुरबानगर झोपडपट्टीत या गुंडाची दहा वर्षांहून अधिक काळ दहशत होती. खंडणी, खून, बलात्काराचे आरोप. अटक व्हायची, पुन्हा जामीन मिळायचा. तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांकडूनच अक्कूला कळते, असा वस्तीचा आरोप होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याचे घर पाडले, तेव्हा जीव वाचवायला तो पोलिसांच्याच आश्रयाला गेला. तोवर पाणी डोक्यावरून गेले होते.

अक्कूसमोर दुसरी टोळी नव्हतीच. धरपकड सुरू होताच वस्तीतल्या बायका ‘आम्हा सगळ्यांनाच अटक करा’ म्हणत पुढे आल्या. पोलिसांची यापेक्षा मोठी पंचाईत कोणती?

वार नेमके कोणी केले, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. या घटनेवर बेतलेला ‘२०० : हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट २०२१ मध्ये आला, त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू यांच्या भूमिका आहेत.