अनारकली: तकदीर किती, मर्जी किती?

सलीम-अनारकलीची गोष्ट लाहोरची, पण आज ती ज्या रूपात आपल्याला पाठ आहे ते रूप आपल्या अंधेरीत घडलं. के. आसिफ यांनी ‘मुगल-ए-आझम’साठी इथल्या मोहन स्टुडिओत शीशमहल उभारला. सुमारे १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच. बांधायला दोन वर्षं गेली. ५ ऑगस्ट १९६० रोजी चित्रपट मराठा मंदिरला लागला. तेव्हापासून अनारकलीचं नाव निघालं की ‘बिचारीचं नसीबच खोटं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. सिनेमा नीट पाहिला तर हे पटत नाही.

इतिहासात फारसं काही हाती लागत नाही. ना अबुल फजलच्या अकबरनाम्यात ती आहे, ना जहांगीरच्या आत्मचरित्रात. १६११च्या सुमारास लाहोरला आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने तिला भिंतीत चिणल्याची ऐकीव हकीकत लिहून ठेवली. १९२२ साली इम्तियाज अली ताज यांनी त्यावर उर्दू नाटक लिहिलं, आसिफ यांनी धागा तिथून उचलला. नाटकात अनारकली मरते, सिनेमात वाचते. हा फरक छोटा नाही.

सिनेमाची सुरुवात होते तीच मुळी तकदीरपासून. अकबर अनवाणी चालत सलीम चिश्तींच्या दरबारात जातो, मुलासाठी दुआ मागतो, ती कबूल होते. मुलाची खुशखबर आणणाऱ्या दासीला तो अंगठी देतो आणि एक मागणं पुरं करायचा शब्दही. हीच दासी अनारकलीची आई. पुढे मुलीचं नादिरा हे नाव बदलतो तोही बादशहाच, आणि पुतळा म्हणून तिला उभं करतो तो शिल्पकार. इथवर तिला कुणी काही विचारलेलंच नाही.

मग कव्वालीची रात्र येते. सलीम बहारला गुलाब देतो, हिला काटे. ती काटे आनंदाने घेते. इथून पुढे ती स्वतः ठरवत जाते: शीशमहलात बादशहासमोर उघडपणे गाते, सलीमला मृत्युदंड झाल्यावर लपलेली जागा सोडून स्वतःहून पुढे येते. हिंदुस्तानचा बादशहा मात्र पावलोपावली उसूल आणि सल्तनतीचं नाव पुढे करतो, जणू निर्णय त्याचा नाहीच. सगळ्यात कमी ताकद असलेली बाई सगळ्यात जास्त निवड करते, हे मला या सिनेमाचं खरं बळ वाटतं. आणि शेवटी ती वाचते ती नशिबाने नव्हे, तर एका माणसाने दिलेल्या शब्दामुळे!

जबर की इख्तियार, हा वाद आपल्या आलिमांमध्ये फार जुना. जबरिया म्हणत, माणूस मजबूर आहे. कदरिया म्हणत, मुखत्यार. अशअरींनी ‘कसब’चा मधला रस्ता काढला: कृती अल्लाह निर्माण करतो, ती कमावतो बंदा. शामला निघालेले हजरत उमर (रजि.) प्लेगची खबर ऐकून वाटेतूनच परत फिरले. हे तकदीरपासून पळणं नाही का, असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच चाललो आहोत.

आपल्या घरात ‘नसीब’ हा शब्द नेमका कधी निघतो, बघा. बहुतेक वेळा मुलीचं स्थळ मोठ्यांनी पक्कं करून झाल्यावर! निकाहाच्या दिवशी वकील आणि गवाह तिच्याकडे इजाजत घ्यायला जातात, ते काय नुसतं रिवाज म्हणून?

मधुबालाच्या हृदयात जन्मापासून छिद्र होतं. ते तिच्या हातात नव्हतं. त्या हालतीत खऱ्या लोखंडी साखळ्या अंगावर घेऊन काम पुरं करणं मात्र तिने पत्करलं. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी ती गेली आणि जुहूच्या कब्रस्तानात दफन झाली. २०१०मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून तिची पक्की कबर काढण्यात आली. ७ जुलै २०२१ रोजी मरहूम दिलीपकुमार यांनाही त्याच कब्रस्तानात मिट्टी देण्यात आली.