सैरंध्री ते निकिता : शस्त्र धरणारी स्त्री आणि तिचा प्रेक्षक



गाणगापूरसारख्या दत्तक्षेत्री एका फ्रेंच मारेकरणीविषयी बोलायचे, हे काहींना खटकेल. पण शस्त्र हाती घेणाऱ्या स्त्रीकडे प्रेक्षक कसा पाहतो, हा प्रश्न एकट्या पॅरिसचा नाही. मराठी रंगभूमीवर तो शतकाहून आधी उभा राहिला, आणि पुढे त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आले ते आपल्या शेजारच्या तेलुगू मुलुखातून. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा कानावर पडणाऱ्या या सीमाभागात तो मांडायला हरकत नसावी.

ल्यूक बेसाँ यांचा ‘निकिता’ फेब्रुवारी १९९० मध्ये फ्रान्समध्ये लागला. व्यसनात बुडालेली एक पोरगी औषधांच्या दुकानावरच्या दरोड्यात पोलिसाला ठार करते. तिला जन्मठेप होते. मग सरकारच तिला कागदोपत्री मृत ठरवते आणि गुपचूप मारेकरीण म्हणून घडवते. ज्येष्ठ अभिनेत्री झान मोरो यात तिला नटण्यासजण्याचे धडे देते. पिस्तूल चालवण्याइतकेच तेही प्रशिक्षण. वाढदिवशी तिचा वरिष्ठ तिला उंची हॉटेलात जेवायला नेतो. भेटीचे खोके उघडताना पोरगी हरखून गेलेली असते, आणि आत निघते पिस्तूल. माझ्या मते सगळा चित्रपट त्या एका क्षणात आहे. पुढची धावपळ उत्तम असली तरी शेवटी धावपळच.

फ्रान्समधल्या अनेक समीक्षकांनी नाक मुरडले. वरून चकचकीत, आतून पोकळ, हा बेसाँ यांच्यावरचा जुनाच आक्षेप होता. प्रेक्षकांनी तो मनावर घेतला नाही. एकट्या फ्रान्समध्ये ३५ लाखांहून अधिक तिकिटे खपली आणि नायिका आन पारियो हिला सेझार पुरस्कार मिळाला. हाँगकाँगने १९९१ मध्ये, अमेरिकेने १९९३ मध्ये ही कथा आपापल्या परीने पुन्हा केली. दोन्हीकडे मारेकरीण स्त्रीच राहिली.

आपल्याकडे काय झाले, हे पाहण्याआधी जरा मागे जावे लागेल.

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि सैरंध्रीच्या रूपात अपमानित देश. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्या वेळचे प्रेक्षक कसे होते, याचे वर्णन गंमत म्हणजे विरोधकानेच जपून ठेवले आहे. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या पुस्तकात ते सापडते. पुरुषांचे ताणलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना ब्राह्मण स्त्रियांच्या डोळ्यांत तरळणारे पाणी, युधिष्ठिराच्या मवाळपणाचा तिटकारा आणि कीचक मेल्यावर प्रेक्षागृहात उठणारी समाधानाची गुणगुण, असे सारे त्यात टिपलेले आहे. हा अहवाल वैऱ्याचा आहे, म्हणूनच मी तो मोलाचा मानतो. कौतुक करायचे त्याला काही कारण नव्हते. मात्र ध्यानात घ्या, सैरंध्री मारत नाही. ती मागते, भीम मारतो. स्त्रियांचे डोळे भरून आले ते विनवणीवर.

पुढे प्रत्यक्षातली स्त्री पुढे सरकली. १९३० च्या ऑक्टोबरात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पोलीस सार्जंट टेलर व त्याची पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात भगतसिंगांच्या साथीदार दुर्गाभाभी होत्या. पाच वर्षांनी त्याच मुंबईत, ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात, वाडिया बंधूंचा ‘हंटरवाली’ लागला. चाबूक घेतलेली बाई लोक पाहतील का, या शंकेने वितरकांनी आधी हात आखडते घेतले होते. नादियाचा तो चित्रपट पंचवीस आठवडे चालला. शंका प्रेक्षकांची नव्हती, त्यांच्या नावाने दुसऱ्यांनी घेतलेली होती.

तेलुगूत १९८५ मध्ये टी. कृष्णा यांचा ‘प्रतिघटना’ आला. नायिका प्राध्यापिका, तिचे नाव झाशी. आपल्या राणीची आठवण त्या नावात सरळ आहे. गुंड भर रस्त्यात तिचे वस्त्रहरण करतो, जग पाहत राहते. तोच पुढे राजकारणात चढतो. शेवटी भर सभेत ती त्याला परशूने मारते. इथे सैरंध्रीला भीम लागत नाही. विजयशांतीने ती भूमिका केली आणि चित्रपट तुफान चालला. दोन वर्षांनी चंद्रशेखर नार्वेकर, म्हणजे आपले एन. चंद्रा, यांनी तो हिंदीत ‘प्रतिघात’ म्हणून केला. सुजाता मेहता नायिका झाली आणि हिंदी प्रेक्षकानेही तिचा परशू उचलून धरला. पुढे ‘निकिता’च्याच वर्षी, १९९० मध्ये, विजयशांतीचा ‘कर्तव्यम्’ आला, त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तोही चंद्रा यांनीच १९९४ मध्ये ‘तेजस्विनी’ या नावाने हिंदीत आणला.

तेव्हा १९९९ मध्ये महेश भट यांनी ‘निकिता’च्या कथेवर बेतलेला ‘कारतूस’ काढला, त्या वेळी बाईच्या हातून होणारी हत्या प्रेक्षक पचवणार नाही, असे म्हणायला काही आधार उरला नव्हता. तरीही मारेकरी झाला संजय दत्त. मनीषा कोईरालाच्या वाट्याला प्रेयसी आली.

असे का? धंद्याचे गणित, नायकाचे वजन, ही उत्तरे आहेतच. मला दुसरे एक कारण दिसते. सैरंध्री, हंटरवाली, झाशी यांच्यामागे अन्याय उभा आहे. तो प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून वार करताना तोही मनाने तिच्यासोबत असतो. निकिताला दूरध्वनी येतो. कोणाला मारायचे तेवढे सांगतात, का ते नाही. तिचा राग तिचा उरत नाही, तिची नोकरी होते. अशी स्त्री आपल्या निर्मात्यांना सती वाटेना, कुलटाही वाटेना. तिच्यासाठी त्यांच्याकडे घर नव्हते. पुरुषाला मात्र कोणाच्या हुकमाने मारले याचा जाब सहसा विचारला जात नाही. म्हणून भूमिका त्याच्याकडे गेली. प्रेक्षकाला विचारले असते तर तो काय म्हणाला असता? ‘हंटरवाली’च्या वेळीही त्याला आधी कोणी विचारले नव्हते. त्याने तिकीट काढून सांगितले होते.