‘जुगाड’ म्हणण्याआधी: मालेगावच्या सिनेमावाल्यांची पटकथा

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकचे, म्हणजे नाशिक जिल्ह्यातले. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’, हौसेपायी गहाण टाकलेल्या विमा पॉलिसी, सरस्वतीबाईंनी घरकामाच्या जोडीला केलेलं फिल्मचं काम, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्याच जिल्ह्यात, नाशिकहून साधारण शंभर किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे २००० सालाच्या आसपास काही मित्रांनी मिळून स्वतःचा सिनेमा काढायला सुरुवात केली. एक व्हिडिओ पार्लर चालवणारा, एक लेखक, काही पॉवरलूमवर काम करणारे, काही दुकानदार. फाळक्यांना आपण जनक म्हणतो. मालेगाववाल्यांबद्दल बोलताना मात्र पहिला शब्द येतो ‘जुगाड’, आणि तोही थोडं हसून.

हा शब्द मला खटकतो. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

नवीन वाचकांसाठी आधी एक ओळख. माझं एम.एस्सी. फिजिक्समधलं आहे. पीएच.डी. मात्र छोट्या गावांतल्या व्हिडिओच्या इतिहासावर चालू आहे. लोक विचारतात, फिजिक्सचा इथे काय संबंध? माझ्या मते बराच आहे. एखादं यंत्र काय करू देतं आणि काय करू देत नाही हे नीट समजलं, की माणसांनी तेच का केलं याचा निम्मा उलगडा होतो.

तर मालेगाव. मोसम नदी गावाच्या मधून जाते. एका काठावर मुख्यतः मुस्लिम वस्ती, दुसऱ्यावर हिंदू. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले विणकर इथे स्थिरावले, हातमाग आले, पुढे विजेचे माग आले. आज गावाचा आवाज म्हणजे मागाचा खडखडाट. आठवडाभर माग चालतात, शुक्रवारी थांबतात, आणि शुक्रवारी लोक सिनेमाला जातात. बाहेरच्यांना मालेगाव आठवतं ते दंगलींमुळे आणि २००६ व २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. पण उर्दू छापखाने, मुशायरे आणि सिनेमाचं वेड हाही याच गावाचा इतिहास आहे. लिहिणारी माणसं इथे आधीपासून होती, हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. ज्यांनी ते युग पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एक खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, बाकडी आणि स्वस्त तिकीट. सिनेमा करायचं शिक्षण त्यांना तिथेच मिळालं. रोज तेच तेच सिनेमे पाहून प्रेक्षक कुठे हसतो, कुठे उठून बाहेर जातो हे पाठ झालं. पटकथेचा यापेक्षा कडक क्लास कुठे मिळेल सांगा.

आता यंत्राकडे येऊ. सुरुवातीचं संकलन दोन व्हीसीआर जोडून व्हायचं. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा तुकडा रेकॉर्ड करायचा, थांबवायचं, पुढचा तुकडा शोधायचा. याला लिनिअर एडिटिंग म्हणतात. कॉम्प्युटरवर संकलन करणाऱ्या आजच्या मुलांना यातली गोम पटकन लक्षात येत नाही. समजा तासभराचा सिनेमा जोडून झाला आणि दहाव्या मिनिटाला एक शॉट वाढवावासा वाटला. कॉम्प्युटरवर पुढचं सगळं आपोआप सरकतं. टेपवर काही सरकत नाही. एकतर दहाव्या मिनिटापासून पुढचं सगळं पुन्हा जोडायचं, नाहीतर जोडलेल्या टेपची कॉपी काढता काढता मध्ये तो शॉट घालायचा.

आणि कॉपी फुकट मिळत नाही. व्हीएचएसवर चित्राचा बारकावा मुळातच कमी, आडव्या दिशेला साधारण २४० रेषांइतका. रंगाचा बारकावा तर त्याच्याही कितीतरी पट कमी. त्यामुळे प्रत्येक कॉपीत गोंगाट वाढतो, चेहऱ्याच्या कडा पाघळतात, लाल रंग ओठांवरून गालावर ओघळतो. दोन-तीन पिढ्यांनंतर चित्र ओळखू येतं, पण डोळ्यांतले भाव हरवतात.

याचा परिणाम थेट पटकथेवर होतो. शूट करून मग टेबलावर सिनेमा शोधू ही चैन परवडत नाही. आधी ठरवून ठेवावं लागतं. चेहऱ्यावरच्या सूक्ष्म अभिनयावर भिस्त ठेवता येत नाही, ती ठेवावी लागते शब्दांवर, चालीवर, कपड्यांवर, प्रसंगावर. हे अनुमान माझं आहे, पण ते सिनेमे पाहिले की पटतं.

आता मुख्य मुद्दा: त्यांनी विडंबनच का निवडलं?

‘मालेगाव के शोले’ साधारण ५० हजार रुपयांत झाला. त्यात गब्बर नाही, रबर सिंग आहे. बसंती नाही, बासमती आहे. डाकू घोड्यांवर नाही, सायकलींवर येतात. हे ऐकून आपण हसतो आणि म्हणतो, घोडे परवडले नाहीत, म्हणून सायकली. बरोबर आहे, पण अर्धंच.

फिजिक्समध्ये एक जुनी युक्ती आहे, पर्टर्बेशन. एखादं गणित सरळ सुटत नसेल तर त्याच्या जवळचं, आधीच सुटलेलं गणित घ्यायचं आणि त्यात फक्त फरक मिसळायचा. सगळं नव्याने सोडवायचं नाही, फरकाचाच हिशेब करायचा. रबर सिंगची पटकथा नेमकी अशी आहे. मूळ ‘शोले’ १९७५ चा. त्याचे संवाद रेकॉर्डवर आणि कॅसेटवर निघाले, गल्लोगल्ली पाठ झाले. मालेगावच्या प्रेक्षकाच्या डोक्यात सलीम-जावेदची अख्खी पटकथा आधीच होती. ठाकूर कोण, सूड कशाचा, गाव कुठलं, यातलं काहीही समजावून सांगायची गरज नव्हती. लेखकाने फक्त फरक लिहायचा. पडद्यावर सायकल येते, प्रेक्षकाच्या डोक्यात घोडा दौडत असतो, आणि हसू त्या दोघांच्या मधल्या फटीत पिकतं.

म्हणजे पैशांची कमतरता लपवायची नाही, तिलाच कामाला लावायचं. शंभर घोडे आणले असते तर विनोद मेला असता! सायकल ही तडजोड राहत नाही, ती पटकथेतली ओळ होते. म्हणून मी याला जुगाड म्हणत नाही. जुगाड म्हणजे नसलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठोकून काम भागवणं. इथे नसणं हाच मजकूर होता.

फाळक्यांकडे परत पाहा. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा विलायती चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण उभा राहिला. परकी चौकट, आत आपला माणूस. पहिल्या चित्रपटासाठी कथा निवडली ती हरिश्चंद्राची, म्हणजे प्रेक्षकाला तोंडपाठ असलेली. मूकपटात संवाद ऐकवता येत नाहीत, मधल्या पाट्या सगळ्यांना वाचता येत नाहीत, तेव्हा गोष्ट आधीच माहीत असणं ही केवढी सोय! तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही, सालुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली. मालेगावातही गावातल्या बायका पडद्यावर येत नसत, नटी बाहेरगावाहून आणावी लागे. नव्वद वर्षांच्या अंतरावर अडचणी जवळपास त्याच आणि उत्तरंही त्याच घराण्यातली. एकाला आपण दूरदृष्टी म्हणतो, दुसऱ्याला गंमत. (फाळके थोर होतेच. माझा वाद त्यांच्याशी नाही, आपल्या शब्दांशी आहे.)

यापुढचा टप्पा जगाने पाहिला तो फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात. त्यात ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसा बनला ते दिसतं. तोवर कॉम्प्युटर आला होता, म्हणून माणूस उडवता येत होता. हिरव्या कापडासमोर नटाला आडवा धरायचा आणि नंतर हिरवा रंग काढून तिथे आकाश घालायचं. कापड हिरवंच का? क्रोमा तंत्र निळ्या कापडावरही चालतं, पण सुपरमॅनचा पोशाख निळा. निळं कापड लावलं तर आकाशात फक्त डोकं, हात आणि लाल चड्डी उडताना दिसेल! त्या माहितीपटात सायकल ट्रॉली होते, बैलगाडी क्रेन होते, कॅमेरा पाण्यात पडतो. मधेच हिरोचं लग्नही लागतं.

हिरो म्हणजे शफीक शेख. पॉवरलूमवरचा कामगार, अंगाने काटकुळा. सुपरमॅनच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. आणि त्याची लढाई कोणाशी? गावातल्या घाणीशी आणि गुटख्याशी. इथे फरक लिहिण्याची युक्ती एक पायरी वर जाते. हॉलिवूडच्या सुपरमॅनसमोर जगाच्या विनाशाचं संकट असतं, मालेगावच्या सुपरमॅनसमोर नाक्यावरच्या टपरीतलं. पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात ती पुडी असणार. विडंबन आता दुसऱ्या सिनेमाचं राहिलं नव्हतं, ते गावाबद्दल बोलायला लागलं होतं.

शफीक शेख तोंडाच्या कॅन्सरने, तरुण वयात गेले. तो माहितीपट भारतात थिएटरमध्ये लागला जून २०१२ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, नुसत्या तारखा आहेत. पण सनावळीची वही लिहिताना त्या एकाखाली एक आल्या आणि पुढची नोंद करायला मला वेळ लागला.

आता त्या लेखकाबद्दल. या मंडळींचे लेखक फरोग जाफरी. मालेगावच्या सिनेमावर जे काही छापून आलं ते बहुतेक नासिर शेख यांच्याभोवती फिरतं. ते साहजिक आहे, सगळ्यांना गोळा करणारा, पैसे उभे करणारा, कॅमेरा धरणारा माणूस तो. पण वर सांगितलेली सगळी करामत कागदावर व्हायची, आणि कागदवाला माणूस चौकटीच्या कडेला राहिला.

त्याची अडचणही याच युक्तीतून आली. विडंबनात कमतरता विनोद होते. पण उद्या त्याच लेखकाने स्वतःची, गंभीर, मागावरच्या माणसाची गोष्ट लिहिली तर? तिला आधीच सुटलेलं गणित नाही. प्रेक्षकाच्या डोक्यात घोडा नाही, मग सायकल ही नुसती सायकल उरते. हलता कॅमेरा, फाटका आवाज, पाघळलेले चेहरे, हे सगळं आता दोष म्हणून दिसायला लागतं. ज्या साधनांत विडंबन उत्तम होतं, त्याच साधनांत स्वतःची गोष्ट सांगणं सगळ्यात महाग पडतं. म्हणून त्या लेखकाला मुंबई हवीशी वाटते. मुंबई रात्रीच्या बसने सकाळी पोचता येईल इतकी जवळ, आणि तरी तिथे कोणी वाट पाहत नाही. माहितीपटात सगळे हसत असतात, पण हा माणूस बोलायला लागला की खोली गप्प होते.

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरमध्ये आला. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. त्यात लेखकाच्या पात्राला बरोबरीची जागा आहे, आणि मला वाटतं ते एका लेखकाने दुसऱ्याला ओळखणं आहे. काही समीक्षकांना त्यात भावनेचा गोडवा जास्त वाटला. मलाही थोडा वाटला. पण श्रेयाचं भांडण पडद्यावर आणल्याबद्दल मी तो माफ करते.

गोष्ट गावात थांबली नाही, हेही सांगायला हवं. नासिर शेख यांनी पुढे सब टीव्हीसाठी ‘मालेगाव का चिंटू’ ही मालिका केली. मोबाइल आणि यूट्यूब आल्यावर मालेगावच्या खानदेशी कॉमेडीला व्हिडिओ पार्लरच्या खोलीपेक्षा कैकपट मोठा प्रेक्षक मिळाला. ती मुलं संकलन फोनवर करतात, कॉपीत काही पाघळत नाही, आणि फरक लिहिण्याची जुनी खोड अजून दिसते.

शेवटी एक कामाची गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज काहीच भाग उरलाय, आणि तो उरला कारण कोणीतरी जपला. व्हीएचएस त्याहून नाजूक आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी ज्या चिकट थराने धरून ठेवलेली असते, तो थर हवेतली ओल शोषून हळूहळू विघटित होतो. आपल्या पावसाळ्यात टेपवर बुरशीही धरते. छोट्या गावांत तेव्हा बनलेले सिनेमे, नाटकांची शूटिंग, गणेशमंडळांचे देखावे, हे सगळं आज कोणाच्या तरी माळ्यावर सडतंय. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती माळ्यावरून खाली आणा, पूर्ण रिवाइंड करा आणि पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर मात्र रिवाइंडही करू नका आणि व्हीसीआरमध्येही घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही धरते. आधी साफ करून घ्यावी लागते, मग डिजिटल कॉपी. आणि डब्यावर नावं लिहा. दिग्दर्शकाचं तर लिहाच, पण लिहिलं कोणी, कॅमेरा कोणाचा होता, बैलगाडी कोणी दिली, तेही.