टाळ थांबतात तेव्हा

१९४६ सालचा आषाढ, पंढरीची वारी. लोणंद मागे पडलं आहे, तरडगावची वाट पायांखाली आहे. पावसाची भुरभुर, चिखल, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पुढे पताकावाले, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाजी, मग विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. शेजारचा म्हातारा तुमच्या हातात टाळ देतो. "घ्या माउली, धरा."

सुरुवातीला तुमचं पाऊल चुकतं. पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. तो मागे वळूनही बघत नाही. मग हळूहळू पखवाजाच्या थापेवर पाऊल पडू लागतं. अभंगाचा चरण पुढची रांग म्हणते, मागची उचलते. म्हणताना श्वास सोडायचा, दुसरे म्हणतील तेवढ्यात भरून घ्यायचा. कोसभरात सगळी दिंडी एका लयीत श्वास घेऊ लागते. किती चाललो, किती उरलं, हे मनात येईनासं होतं. पोटऱ्या दुखतात, पण चालायचं की थांबायचं हे आता तुम्हाला एकट्याने ठरवायचं नाही. वारीतली शांतता मुख्यतः इथून येते, असं मला वाटतं.

संध्याकाळी तळावर पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात. पालखीची शिस्त राखणारा चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एका दिंडीचे मात्र वाजतच राहतात. तिची काही तक्रार आहे. कुणाचं सामान हरवलं असेल, कुणाची चुकामूक झाली असेल. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो. मगच ते टाळ थांबतात, मगच आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय कुणाला गप्प करायचं नाही, ही रीत मला अख्ख्या वारीत सर्वांत थोर वाटते.

पण रात्री पंगती बसतात त्या जातवार. आणि पंढरपुरात, इतकं चालून आल्यावर, तुमची दिंडी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर संत चोखोबांच्या समाधीपाशी थांबते. तुमची दिंडी अस्पृश्य मानलेल्यांची, म्हणून पुढची पायरी तुम्हाला बंद आहे. म्हातारा तिथूनच कळसाला हात जोडतो.

वाटेवर सर्वांना मिळालेली शांतता दारात काही जणांकडून काढून घेणं हा उघड अन्याय आहे. ही तक्रार चोपदाराच्या हातातली नव्हती. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, हे दार सर्वांसाठी उघडावं म्हणून.