कर्णा : थोड्या शक्तीचा मोठा आवाज

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं चरित्रें असावींत, देवळाच्या बांधकामाचा वृत्तांत असावा, देणगीदारांचीं नांवें असावींत. परंतु लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर लेख कशासाठीं, असा प्रश्न कोणी वाचकानें विचारल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं. त्यास उत्तर इतकेंच कीं, शेवटच्या बांकावर बसलेल्या म्हातारीस वेदीवरील शब्द ऐकूं यावा कसा, ही अडचण ख्रिस्तसभेस फार जुन्या काळापासून आहे; आणि ती दूर करण्यासाठीं ज्यांनीं स्वतः खटपट करून कर्णे घडविले, त्यांत एक येशूसंघीय धर्मगुरु अग्रभागीं होते. शिवाय या कर्ण्याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं तुटपुंज्या साधनांत काम भागविणाऱ्यांचा इतिहास आहे, आणि तो विषय कोणत्याही धर्मग्रामास परका नाहीं.

फादर अथानासियुस किर्खर हे जर्मनींतील गायसा गांवचे. १६३० नंतर थोड्याच वर्षांत ते रोम येथील येशूसंघाच्या महाविद्यालयांत आले आणि १६८० सालीं त्यांचा अंत झाला तोही रोममध्येंच. चुंबक, ज्वालामुखी, संगीत, चीन देशाचें वर्णन, इजिप्तची चित्रलिपि, असा विषय सांपडणें कठीण कीं ज्यांत त्यांनीं लेखणी बुडविली नाहीं. आणि खरें बोलावयाचें तर त्यांनीं लाविलेला चित्रलिपीचा अर्थ पुढें सपशेल चुकीचा ठरला. ध्वनीच्या बाबतींत मात्र त्यांचे कान आणि हात दोन्ही तयारीचे होते. आपल्या खोलीपासून महाविद्यालयाच्या दरवाजापर्यंत त्यांनीं एक नळी नेली होती. पाहुणा आला कीं द्वारपाळानें नळीच्या तोंडाशीं बोलावें आणि फादरांनीं आपल्या खोलींतूनच उत्तर द्यावें. एवढ्या मोठ्या इमारतींतून धांवाधांव करण्याचे श्रम वांचले.

१६६१ सालीं रोमच्या पूर्वेकडील डोंगरांत हिंडतांना त्यांस मेंतोरेल्ला येथें पवित्र मरियेचें एक प्राचीन, पडक्या अवस्थेंतील देऊळ आढळलें. संत युस्ताखियुस यांस ख्रिस्ताचें दर्शन घडलें तें याच ठिकाणीं, अशी तेथील परंपरा. फादरांनीं राजेरजवाड्यांकडून व धनिक चाहत्यांकडून द्रव्य मिळवून त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. परंतु देऊळ डोंगरावर, आणि गांवें खालीं दूरवर विखुरलेलीं. माणसांस बोलवावें कसें? त्यांनीं सुमारें पंधरा वीत लांबीचा एक कर्णा शिखरावर नेऊन त्यांतून भोंवतालच्या गांवांस हांक घातली. दोनपासून पांच मैलांवरच्या गांवकऱ्यांस ती ऐकूं गेली आणि ते डोंगर चढून उपासनेस आले, असें त्यांनीं स्वतःच आपल्या १६७३ सालच्या ‘फोनुर्गिया नोवा’ या ग्रंथांत नमूद करून ठेविलें आहे. आपल्याकडेही कर्णा आणि शिंग फुंकून इशारा देण्याची चाल होती. पण तेथें पोंचे तो केवळ सूर. मनुष्याचा शब्द, शब्द म्हणून कळेल असा, इतक्या दूर धाडणें ही निराळी गोष्ट होय.

हा ग्रंथ लिहिला जाण्याचें कारणही मनोरंजक आहे. इंग्लंडांत सर सॅम्युएल मोरलंड यांनीं प्रथम कांचेचा व मागाहून पितळ व तांबें यांचे बोलके कर्णे करून त्यांवर १६७१ सालीं एक पुस्तिका छापली आणि शोधाचा मान आपल्याकडे घेतला. तें वाचून फादरांच्या स्वाभिमानास धक्का बसला. आपण वीस वर्षांपूर्वींच हें सर्व केलें होतें, १६५० सालच्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत त्याची नोंद आहे, असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. दोघांचें म्हणणें आपापल्या परीनें खरें मानावयास हरकत दिसत नाहीं. मात्र कर्ण्याचा आकार कसा असावा, हें दोघांनाही नीट उमगलें नव्हतें. फादर तर शंखासारखी पिळदार नळी सर्वांत समर्थ, असें समजत. पीळ दिल्यानें जागा वांचते, आवाज वाढत नाहीं.

मग आवाज वाढतो तरी कशानें? उघडें दार बंद समजून जोरानें ढकलणारा मनुष्य जसा तोंडघशीं पडतो आणि त्याची शक्ति फुकट जाते, तसेंच लाउडस्पीकरमधील लहानशा पडद्याचें होतें. तो हवेस ढकलावयास जातो, परंतु मोकळी हवा बाजूस सरकते. विजेच्या शंभर भागांपैकीं एखाददुसराच भाग ध्वनि होऊन बाहेर पडतो, बाकीची नुसती ऊब होते. पडद्यापुढें कर्णा लाविला कीं हवेस बाजूला पळावयास वाट उरत नाहीं. पडद्यास भक्कम आधार मिळतो, आणि तो जोर कर्णा हळूहळू रुंदावत मोकळ्या हवेच्या स्वाधीन करतो. चांगल्या कर्ण्यांत शंभरांतले वीस-तीस भागही ध्वनिरूप होतात. कर्णा नवा आवाज निर्माण करीत नाहीं. वायां जाणारा आवाज तो वांचवितो. म्हणूनच ज्याच्यापाशीं शक्ति थोडी, त्याचें हें साधन.

हें रुंदावणें कोणत्या हिशेबानें व्हावें, याचें गणित अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनीं १९१४ सालीं विद्वानांपुढें मांडलें व तें १९१९ सालीं छापून निघालें. त्यावरून पुढें जो कर्णा सर्वमान्य झाला, त्याचा नियम सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचाच आहे. ठराविक अंतर पुढें गेलें कीं पोकळीचें क्षेत्रफळ दुप्पट, तितकेंच अंतर आणखी गेलें कीं त्याच्या दुप्पट. आरंभीं वाढ दिसतही नाहीं, आणि शेवटीं कर्णा फुलासारखा एकदम उमलतो. व्याजाचा दर जितका कमी, म्हणजे कर्णा जितका संथपणें रुंदावेल, तितके खालचे सूर त्यांतून निघतात. परंतु तितकाच तो लांब व अवजड होतो.

वेब्स्टरांचें गणित कारागिरांच्या हातीं पडण्यापूर्वींच, कॅलिफोर्नियांतील नापा गांवीं एडविन प्रिडम व मूळचे डेन्मार्कचे पीटर जेन्सन या दोघांनीं विजेनें हलणाऱ्या आपल्या यंत्रास ग्रामोफोनचा साधा कर्णा जोडून पाहिला होता. त्याचा आवाज इतका मोठा निघाला कीं त्यांनीं तो घराच्या छपरावर नेऊन दूरवरून ऐकण्याचा प्रयोग केला. यंत्राचें नांव त्यांनीं लॅटिन ठेविलें : ‘मॅग्नावॉक्स’, म्हणजे महान् वाणी. १९१५ सालीं नाताळच्या आदल्या संध्याकाळीं सॅनफ्रॅन्सिस्कोच्या नगरभवनापुढें जमलेल्या प्रचंड समुदायास याच कर्ण्यांतून भाषण व संगीत ऐकविण्यांत आलें. पुढें अवघ्या सतरा वर्षांनीं, १९३२ च्या जून महिन्यांत, डब्लिन येथील आंतरराष्ट्रीय पवित्र साक्रामेंत परिषदेच्या वेळीं शहराचे रस्तेच्या रस्ते लाउडस्पीकरांनीं जोडले गेले आणि लक्षावधि भाविकांस एकच मिस्सा ऐकतां आली. त्यापूर्वीं पोप अकरावे पायस यांनीं १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून जगास लॅटिन भाषेंत संदेश दिला होता.

मोठ्या समारंभांची ही कथा झाली. माझ्या मतें अधिक हृद्य भाग गरिबांच्या घरांतला आहे. १९२० नंतरच्या वर्षांत युरोप-अमेरिकेंत रेडिओ पसरूं लागला, तेव्हां साध्या स्फटिकाच्या यंत्रावर एकट्यालाच कानास डबी लावून ऐकावें लागे. लाउडस्पीकर विकत घेणें सर्वांस परवडत नसे. मग लोक कानाची ती डबी एका मोठ्या चिनी मातीच्या वाडग्यांत ठेवीत आणि सारें कुटुंब वाडग्याभोंवतीं डोकीं जमवून बसे. कोणी जुन्या ग्रामोफोनचा कर्णा सोडवून त्यास तीच डबी जोडी. लंडनमध्यें ई. एम. जी. या लहानशा कारखान्यानें तर कागदाचे लगदे व पट्ट्या चिकटवून, तोंडाशीं सुमारें अडीच फूट व्यासाचे, हातघडणीचे ग्रामोफोनकर्णे केले. त्यांच्या आकारामागें पर्सी विल्सन यांचें गणित होतें. कागद हें ऐपतीचें लक्षण नव्हे, असें हंसण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें कीं पत्र्याचा कर्णा स्वतःच खणखणतो व बोलणाऱ्याच्या आवाजास नाकांतला सूर चढवितो. जाड कागद मुका राहतो, आणि कर्ण्यानें मुकें राहणें हाच त्याचा मोठा गुण.

लांबीची अडचण मात्र राहिलीच. तिच्यावर इंग्लंडांत पॉल व्हॉइट यांनीं १९३४ च्या सुमारास आणि अमेरिकेंत पॉल क्लिप्श यांनीं त्यानंतरच्या दशकांत एक युक्ति काढली. कर्णा खोलीच्या कोंपऱ्यांत ठेवावा. म्हणजे दोन भिंती व जमीन मिळून त्याचाच उरलेला भाग बनतात. गवंड्यानें आधींच बांधून ठेविलेला, पैचाही खर्च नसलेला कर्णा! क्लिप्श यांनीं १९४६ सालीं आर्कन्सॉ प्रांतांतील होप गांवीं आपला कारखाना काढला.

परंतु कर्ण्याचे दिवस घरांतून तरी सरत आले होते. १९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं कागदी शंकूचा, कर्ण्यावांचूनचा लाउडस्पीकर सिद्ध केला होता. तो शक्तीची उधळपट्टी करतो. पण वीज वाढविणारीं यंत्रें स्वस्त होत गेलीं, तेव्हां त्या उधळपट्टीची कोणास खंत वाटेनाशी झाली. आज कर्णा म्हटला कीं उत्सवांत खांबावर टांगलेला, कानठळ्या बसविणारा भोंगाच डोळ्यांपुढें येतो. थोडक्या शक्तींत स्पष्ट बोलण्यासाठीं जन्मलेल्या वस्तूवर वारेमाप शक्ति ओतल्याचा तो परिणाम. देवळांत तर कर्ण्याचा आणखी एक उपयोग आहे, व तो सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. उंच छताच्या वास्तूंत आवाज चोहींकडे उधळला कीं प्रतिध्वनींत शब्द बुडतो. कर्णा तो माणसांच्या रोखानें धाडतो. जुन्या देवळांत उपदेशपीठावर जें लाकडी छत्र असे, त्याचेंही काम हेंच होतें.

आमच्या तरुणांपैकीं कोणास हा प्रयोग करावयाचा असेल, तर केवळ भाषणापुरता कर्णा फार खर्चाचा नाहीं. मागें लावावयाचें एक इंच तोंडाचें युनिट तेवढें विकत घ्यावें. बाकी सामग्री नाताळचा तारा करण्याची : कामट्या, कागद व खळ, कीड लागूं नये म्हणून खळींत किंचित् मोरचूद. सव्वादोन इंच कमी तीन फूट लांबीची ही मोजमापें ध्यानांत ठेवण्यास सोपीं आहेत. आरंभीं पोकळीचा व्यास एक इंच. साडेसात इंचांवर दोन, पंधरांवर चार, साडेबावीसवर आठ, तीसवर सोळा, आणि पावणेचौतीस इंचांवर, म्हणजे तोंडाशीं, साडेबावीस. अशा मापाचीं कडीं कामट्यांवर बांधून सांगाडा करावा व त्यावर कागदाचे थर पाव इंच जाडी येईपर्यंत चढवावे; प्रत्येक थर पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये, नाहींतर कर्णा वांकतो. युनिटचा सांधा रबराची चकती घालून हवाबंद करावा. या कर्ण्यांतून सुमारें दोनशें कंपनांच्या खालचे सूर निघत नाहींत. ते ॲम्प्लिफायरवरच कापून टाकावे, कारण कर्ण्याचा आधार नसलेला पडदा त्या सुरांत फाटण्याचा संभव असतो. टांगतांना तोंड छताकडे न ठेवतां शेवटच्या बांकांकडे किंचित् खालीं झुकवावें, आणि मायक्रोफोन कर्ण्याच्या मागच्या बाजूस राहील असें पाहावें, म्हणजे शिट्टी वाजणार नाहीं.