बीडमधील प्लेगची साथ (१९९४)

महाराष्ट्र राज्याच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये उद्भवलेली ग्रंथिक प्लेगची साथ. भारतात तत्पूर्वीची प्लेगची अखेरची नोंद १९६६ मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात झाली होती. त्यानंतर २८ वर्षे माणसांत न आढळलेला हा रोग देशातून नाहीसा झाला, असा सर्वसाधारण समज होता. तो या साथीने खोटा ठरविला.

प्लेग हा मूलतः कृंतक प्राण्यांचा रोग असून तो यर्सिनिया पेस्टिस या सूक्ष्मजंतूमुळे होतो. रानातील कृंतकांत तो दीर्घकाळ टिकून राहतो. तेथून तो घरांतील उंदरांत शिरला म्हणजे उंदीर मरू लागतात व त्यांच्या अंगावरील पिसवा अन्य भक्ष्याच्या शोधात माणसांना चावतात. रुग्णास तीव्र ताप येऊन जांघेत अथवा काखेत वेदनायुक्त गाठ येते. रोगजंतू फुप्फुसांत पोहोचल्यास खोकल्यातील तुषारांवाटे रोग माणसाकडून माणसास होतो. हा फुप्फुसीय प्रकार उपचारांअभावी बहुधा प्राणघातक ठरतो.

या संक्रमणाच्या साखळीची उकल मुख्यत्वे भारतीय उपखंडातच झाली. १८९४ मध्ये आलेक्सांद्र येर्सिन यांनी हाँगकाँग येथे रोगजंतू शोधून काढला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी या धान्याच्या व मालाच्या वखारींनी गजबजलेल्या भागात अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने मृत्यू आला. पिसू हीच रोगवाहक आहे, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखविले. परंतु त्यांच्या मतास प्रारंभी मान्यता मिळाली नाही. १९०५ पासून परळ येथील प्रयोगशाळेत (नंतरची हाफकिन संस्था) झालेल्या प्रयोगांत पिसवांची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवलेले प्राणी निरोगी राहिले आणि तो वाद मिटला.

मामला येथील घटनाक्रम याच ज्ञानाशी जुळणारा होता. ऑगस्टच्या प्रारंभी गावात पिसवांचा उपद्रव वाढला व उंदीर मरून पडू लागले. महिनाअखेरीस ताप व गाठी असलेले रुग्ण आढळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला होता. त्यानंतर या प्रदेशातील अनेकांनी घरे सोडली. तेथे पडून राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि रानटी व घरगुती कृंतकांचा संपर्क वाढला, असे अनुमान अभ्यासकांनी केले. आरोग्य खात्याने कीटकनाशक भुकटीची फवारणी व टेट्रासायक्लिनचे वाटप सुरू केले. अशा वेळी प्रथम पिसवा मारणे व नंतरच उंदीर मारणे आवश्यक असते. अन्यथा मेलेल्या उंदरांवरील पिसवा माणसांकडे वळतात.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरत येथे फुप्फुसीय प्लेगचा उद्रेक झाला व लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. देशात एकूण ८७६ संभाव्य रुग्ण व ५४ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ५९६ रुग्ण महाराष्ट्रातील होते, तर मृत्यू मुख्यतः सुरतेत झाले. काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक व मालाची आयात स्थगित केल्याने व्यापाराची मोठी हानी झाली.

रुग्णांचे नमुने वेळेवर व पुरेसे न तपासले गेल्यामुळे हा रोग प्लेगच होता काय, याविषयी वैज्ञानिकांत वाद निर्माण झाला. त्याच्या निराकरणासाठी केंद्र शासनाने व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. साथीतील रुग्णांपासून व कृंतकांपासून मिळविलेल्या जंतूंच्या जननिक घटकांची तपासणी पुढे हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात करण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ते यर्सिनिया पेस्टिस हेच होते.

स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लिन इ. प्रतिजैविके वेळीच दिल्यास हा रोग बरा होतो. म्हणून १९९४ मधील उणीव औषधांची नसून पाळतीची होती. रुग्ण दिसेनासे झाल्यावर कृंतक व पिसवा यांची नियमित तपासणी शिथिल झाली होती, आणि उंदीर मरून पडणे हा पूर्वी गावोगाव ओळखला जाणारा इशारा विस्मृतीत गेला होता. यानंतर हिमाचल प्रदेशात २००२ मध्ये व उत्तरकाशी जिल्ह्यात २००४ मध्ये प्लेगचे लहान उद्रेक झाले. माणसांत रुग्ण नसणे म्हणजे प्राण्यांतील रोगाचा अंत नव्हे, हे बीडच्या साथीने दाखविलेले तथ्य त्यांनी पुन्हा सिद्ध केले.